सोसायट्यांनी मिळून गच्चीवर सोलर करायचंय? मग संघ कसा बांधायचा, कुठलं काम आधी, कुठलं नंतर (नाशिककरांसाठी)

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिकरोड, सगळीकडे सध्या हेच चाललंय. चार-पाच सोसायट्यांचे सेक्रेटरी एकत्र येतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतात, मिळून सोलर घेऊ म्हणजे स्वस्त पडेल म्हणतात, दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ओळखीचा व्हेंडर घेऊन येतो आणि तीन महिन्यांत ग्रुप थंड पडतो. पैसे कमी पडले म्हणून असं होत नाही, क्रम चुकतो म्हणून होतं. कोटेशन पहिल्यांदा, कागद शेवटी आणि एकमेकांशी करार तर कधीच नाही.

हा लेख लिफ्ट, पाण्याची मोटर, जिना-पार्किंगचे दिवे यांच्या कॉमन मीटरवर सोलर बसवणाऱ्या सोसायट्यांसाठी आहे. घरगुती सिंगल मीटरवाल्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

## आधी हे डोक्यात पक्कं करा: संघाचं काय आणि सोसायटीचं काय

सगळ्यात जास्त भांडणं इथूनच निघतात म्हणून हे पहिलं.

अमेरिकेत शहरांच्या, गावांच्या स्वतःच्या मालकीच्या साधारण दोन हजार वीजसंस्था आहेत आणि त्यांची अमेरिकन पब्लिक पॉवर असोसिएशन नावाची संघटना आहे. ही संघटना कुणाच्या तारा किंवा मीटर स्वतःच्या ताब्यात घेत नाही, गावाचे दर गावच ठरवतं. एकट्याला जमत नाही किंवा महाग पडतं तेवढंच ती करते, म्हणजे ट्रेनिंग, माहितीची तुलना, सरकारदरबारी बाजू मांडणं आणि वादळात एकमेकांची माणसं पाठवायची व्यवस्था. आपल्याला हीच विभागणी लागते.

सोसायटीकडे राहतं ते असं: गच्ची, मीटर, पैसे, वर्क ऑर्डर, सबसिडी, प्लँटची मालकी.

संघाकडे जातं ते असं: सगळ्यांसाठी एकच स्पेसिफिकेशन, भाव ठरवणं, तपासणी, रीडिंगची तुलना, अडीनडीला मदत आणि महावितरण किंवा वीज नियामक आयोगापुढे एकत्र बोलणं.

सावधान: सगळ्या सोसायट्यांचे पैसे एका खात्यात जमा करून संघाने प्लँट घ्यायचा, हा विचार सोडून द्या. अर्ज ज्या ग्राहकाच्या नावाने असतो त्याच्याच खात्यात सबसिडी येते, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) पण त्याच्याच नावावर. मधे तिसरी संस्था घुसवली की ऑडिटरपासून मेंबरपर्यंत सगळे हिशोब विचारणार आणि ते बरोबरच विचारणार.

## टप्पा १: कागद गोळा करा, व्हेंडरला अजून फोन नको

प्रत्येक सोसायटीने कॉमन मीटरची मागच्या १२ महिन्यांची बिलं काढायची. एका महिन्याचं बिल चालत नाही, कारण मे महिन्यात टँकर नाहीतर बोअरची मोटर जास्त चालते आणि पावसाळ्यात कमी, त्यामुळे एका बिलावरून काढलेली साइज हमखास चुकते.

मग प्रत्येक बिलावर या गोष्टी बघा:

नाव. बिल सोसायटीच्या नावावर आहे का? नाशिकमधल्या कितीतरी बिल्डिंगांचं कॉमन मीटर अजून बिल्डरच्याच नावावर आहे, दहा-दहा वर्षं झाली तरी कुणी बदललेलं नाही कारण बिल भरलं जातंय. सोलरचा अर्ज मात्र तिथेच अडकतो. आधी नाव बदलाचा अर्ज करा, त्यासाठी सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं आणि बिलाची थकबाकी शून्य असावी लागते.

टॅरिफ. राहत्या इमारतीच्या लिफ्ट-मोटर-दिव्यांना घरगुती दर लागतो. बिलावर कमर्शिअल लागलेलं असेल, किंवा बांधकामाच्या वेळचं तात्पुरतं कनेक्शनच चालू असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. खाली दुकानं असतील तर त्यांचा लोड कॉमन मीटरवर टाकलेला नाही ना, तेही बघा.

मंजूर भार. सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त घेता येत नाही. १० किलोवॅट भार आणि १६ किलोवॅटचा प्लँट हवा असेल तर भार वाढवायचा अर्ज सोबत जोडावा लागेल.

डीपी (तुमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर) कुठली. याच्याकडे कुणी बघतच नाही, आणि संघ करायचं एक मोठं कारण तर हेच आहे. एकाच डीपीवर एकूण किती सोलर जोडता येतं याला मर्यादा असते. शेजारच्या तीन सोसायट्या एकाच डीपीवर असल्या आणि पहिलीने गरज नसताना मोठा प्लँट टाकला तर तिसरीला फिजिबिलिटीत, म्हणजे जोडणी शक्य आहे का या महावितरणच्या तपासणीत, अडचण येऊ शकते. बिलावर डीटीसीचा, म्हणजे याच डीपीचा नंबर सापडतो, सापडला नाही तर सेक्शन ऑफिसला विचारा आणि सगळ्यांची एकत्र यादी करा.

तपासणी: एका शीटमध्ये प्रत्येक सोसायटीसमोर पाच रकाने भरले गेले का? नाव, टॅरिफ, मंजूर भार, १२ महिन्यांचे युनिट, डीपी. ज्यांचे रकाने रिकामे आहेत त्यांच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं नाही, त्यांना दुसऱ्या बॅचमध्ये घ्या. नाहीतर सगळ्यात हळू चालणारी सोसायटी सगळ्यांना थांबवून ठेवते.

## टप्पा २: साइज आणि गच्ची

ढोबळ हिशोब असा, १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाला १,३५० च्या आसपास युनिट धरले तर फसगत होत नाही. समजा कॉमन मीटरचा वापर महिन्याला १,८०० युनिट आहे, म्हणजे वर्षाला २१,६००, तर १६ किलोवॅट पुरतं. व्हेंडर २५ सांगेल. घेऊ नका.

का घेऊ नका ते नीट समजून घ्या कारण मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच की जास्तीची वीज विकू. नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या बिलात जमा होत जातात पण ते आर्थिक वर्षापुरतंच, ३१ मार्चला हिशोब बंद. तेव्हा जे शिल्लक उरतं त्याचे पैसे मिळतात ते आपण बिलात भरतो त्या दराने नाही, आयोगाने ठरवलेल्या, त्याहून कमी दराने. त्यामुळे वर्षभराचा वापर आणि वर्षभराचं उत्पादन जवळपास जुळलं की बस. एप्रिल-मे मध्ये जमा झालेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांना कामी येतात, ती सोय या पद्धतीत आहेच.

गच्चीवर सकाळी ९, दुपारी १२ आणि संध्याकाळी ४ ला उभं राहून फोटो काढा, पाण्याच्या टाकीची, लिफ्ट रूमची, शेजारच्या उंच बिल्डिंगची सावली कुठे पडते ते कळतं. डिसेंबरमध्ये सावली लांब पडते हे लक्षात ठेवा, मे महिन्यात बघितलेली गच्ची फसवते.

सावधान: स्लॅबला ड्रिल मारून नट-बोल्ट ठोकू देऊ नका. दोन पावसाळ्यांत वरच्या मजल्यावर गळती सुरू होते आणि मग सोलरला पाठिंबा देणारे मेंबरच विरोधात जातात. आरसीसीचे ब्लॉक गच्चीवर ठेवून त्यावर स्ट्रक्चर घ्या, त्या वजनासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद घ्या आणि वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधी करा. स्ट्रक्चरची उंची अशी ठेवा की खालून माणूस चालेल, कुरडया-पापड वाळत घालायला जागा राहील. हे ऐकायला छोटं वाटतं पण सर्वसाधारण सभेत अर्धा तास यावरच जातो.

गच्चीच्या हक्काचा प्रश्न असेल, म्हणजे बिल्डरने वरच्या फ्लॅटवाल्याला टेरेस विकलंय किंवा कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही, तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: प्रत्येक सोसायटीचा स्वतःचा ठराव

कमिटीच्या बैठकीतला निर्णय पुरत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत व्हावीच लागते, तेव्हा विषय त्याच्या अजेंड्यात टाका, नाहीतर विशेष सभा बोलवा. ठरावात एवढं तरी असू दे: क्षमता, जास्तीत जास्त खर्च, पैसा कुठून येणार, गच्चीचा कुठला भाग वापरणार, सही कोण करणार आणि संघात सोसायटीतर्फे कोण जाणार. प्रतिनिधी दोन नेमा, एक नाही. एकाची बदली झाली, तब्येत बिघडली किंवा कमिटी बदलली की त्या सोसायटीचा संपर्कच तुटतो.

पैशाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो, सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो पैसा इमारतीच्या पुनर्बांधणी आणि स्ट्रक्चरच्या कामासाठी असतो आणि त्याला सभेच्या ठरावाबरोबर उपनिबंधक कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. वेगळी वर्गणी काढा किंवा कर्ज घ्या.

आणि सबसिडी वजा करून वर्गणी काढू नका. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात, १६ किलोवॅटला २,८८,०००, पण ते प्लँट चालू झाल्यावर येतात. व्हेंडरला मात्र पूर्ण रक्कम सोसायटीनेच द्यायची असते. तेवढे २,८८,००० रुपये मधले काही महिने कुठून आणणार ते ठरावातच लिहा. योजना २०२६-२७ पर्यंत आहे, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरचे नियम पुन्हा एकदा वाचा.

## टप्पा ४: आता संघाचा करार

लोक इथे लगेच नोंदणी, शिक्का, लेटरहेड, अध्यक्ष कोण, यात अडकतात. पहिल्या वर्षी नोंदणीची गरज नाही. सोसायट्यांमधला चार पानी लेखी करार पुरतो. पुढे संघाला स्वतःचं बँक खातं लागलं, पगारी माणूस ठेवायचा झाला, तेव्हा संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदणी करा, त्याला किमान ७ जण लागतात.

करारात काय असावं:

मतं. एक सोसायटी एक मत. १२० फ्लॅटवाली सोसायटी म्हणणार आम्हाला जास्त मतं द्या, देऊ नका, कारण मग १६ फ्लॅटवाले येणारच नाहीत आणि भाव मिळतो तो संख्येवर. त्याऐवजी खर्चाचा वाटा क्षमतेप्रमाणे ठेवा, म्हणजे मोठ्याने जास्त द्यायचं पण मत सगळ्यांना सारखं. मोठ्यांना हे पटवायला वेळ लागतो, तो वेळ द्या.

माघार. भाव ठरेपर्यंत कुणीही बाहेर पडू शकतं. भाव ठरल्यावर कुणी बाहेर पडलं तर एकूण किलोवॅट कमी होतात आणि व्हेंडर भाव वाढवतो, म्हणून त्या तारखेनंतर माघारीची काही रक्कम ठरवून ठेवा. हे कलम नसेल तर ऐन वेळी दोन सोसायट्या गळतात आणि बाकीचे वाऱ्यावर.

हितसंबंध. कुणाचा भाऊ, भाचा, मित्र व्हेंडर असेल तर त्या प्रतिनिधीने आधी सांगायचं आणि निवडीच्या बैठकीत बसायचं नाही. कमिशन कुणी घेणार नाही आणि व्हेंडरने देऊ केलेली सूट सगळ्यांच्या भावातच वजा होईल, हे वाक्य करारात शब्दशः लिहा. विश्वास आहे म्हणून लिहायचं नाही, असं कुणी म्हणालं तरी लिहा.

मदतीचं कलम. हे टप्पा ८ मध्ये येतं पण लिहायचं आत्ताच. त्या अमेरिकन संस्था वादळ यायच्या आधीच सह्या करून ठेवतात, पाठवलेल्या माणसांचा पगार, जेवण, राहणं, विमा कोण देणार ते सगळं. अडचण आल्यावर ठरवायला बसलं की तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

तपासणी: करारावर सही करणाऱ्याचं नाव सोसायटीच्या ठरावात आहे ना? नसेल तर ती सही सोसायटीची नाही, त्या माणसाची आहे.

## टप्पा ५: एकत्र भाव, वेगवेगळ्या वर्क ऑर्डर

आता व्हेंडर. सगळ्यांना एकच स्पेसिफिकेशनचा कागद द्या आणि त्यावरच कोटेशन मागा. व्हेंडरला स्वतःच्या फॉरमॅटमध्ये कोटेशन देऊ दिलं की तुलना अशक्य, एकाचे पॅनल डीसीआर (भारतात बनलेले), दुसऱ्याचे बाहेरचे, तिसऱ्याने नेट मीटरचा खर्च धरलेलाच नाही, आणि मग सगळ्यात खालचा आकडा बघून निर्णय होतो.

कागदात हे टाकाच:

पॅनल डीसीआर, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले. हे नसेल तर सबसिडी नाही. स्वस्त कोटेशनमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. प्रत्येक पॅनलच्या सिरियल नंबरची यादी आणि सर्टिफिकेट हवं.

व्हेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला.

स्ट्रक्चर आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे, नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरून, आणि गॅल्व्हनायझिंग फॅक्टरीतलं. साइटवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारणं चालणार नाही.

अर्थिंग वेगवेगळं, एसी, डीसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकासाठी. सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेज अचानक उसळलं तर वाचवणारं) एसी-डीसी दोन्ही बाजूंना.

जनरेटर असेल तर इंटरलॉक. जनरेटर चालू असताना सोलर इन्व्हर्टर त्याच्याशी जोडला जाता कामा नये, जनरेटर जळू शकतो.

५ वर्षांची देखभाल आणि तक्रार केल्यापासून किती तासांत माणूस येणार ते. एका सोसायटीला ही तासांची अट सहसा कुणी घालू देत नाही, पण दीडशे-दोनशे किलोवॅटचं काम एकत्र असेल तर व्हेंडर ऐकतो. भावात दोन रुपये कमी करण्यापेक्षा इथे जोर लावा.

भाव संघाने ठरवायचा, वर्क ऑर्डर मात्र प्रत्येक सोसायटीने आपल्या लेटरहेडवर द्यायची आणि पैसे आपल्या खात्यातून. हप्ते साधारण असे बांधा: २० टक्के ऑर्डरला, ५० टक्के माल गच्चीवर आल्यावर, २० टक्के जोडणी झाल्यावर आणि शेवटचे १० टक्के नेट मीटर लागून पहिलं बरोबर बिल आल्यावर.

सावधान: तो शेवटचा १० टक्के हप्ता कुठल्याही सोसायटीने गोडीगुलाबीत आधी सोडायचा नाही. एकाने सोडला की व्हेंडर बाकीच्यांना त्याचंच उदाहरण देतो.

## टप्पा ६: अर्ज आणि नेट मीटर

यात फार काही सांगण्यासारखं नाही, पोर्टलवर अर्ज, फिजिबिलिटी, बसवणं, तपासणी, मीटर, सबसिडीचा क्लेम, या क्रमाने. १० किलोवॅटपर्यंत फिजिबिलिटीची वाट बघावी लागत नाही, त्यावर लागते. फिजिबिलिटी यायच्या आधी माल गच्चीवर चढवू नका, क्षमता कमी मंजूर झाली तर पॅनल परत कोण नेणार? एका डीपीवरच्या सोसायट्यांनी अर्ज त्याच आठवड्यात टाका आणि प्रत्येक अर्जाचा नंबर संघाच्या शीटमध्ये लिहा.

## टप्पा ७: शेवटच्या हप्त्याआधीची तपासणी

दुसऱ्या सोसायटीच्या प्रतिनिधीने तुमची गच्ची तपासायची आणि तुम्ही त्यांची. स्वतःच्या गच्चीवर माणूस "चालतंय की" म्हणून खाली येतो.

सिरियल नंबर यादीशी ताडा. अर्थिंगची रीडिंग समोर घ्यायला लावा. केबल गच्चीवर मोकळ्या लोळतायत की पाइपात आहेत? उन्हाळ्यात उघड्या केबलचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. नेट मीटरवर आयात आणि निर्यात दोन्ही आकडे दिसतात का? मोबाइल अ‍ॅपचा पासवर्ड सोसायटीच्या ईमेलवर आहे की व्हेंडरच्या? सोसायटीच्याच हवा, आणि सेक्रेटरीच्या पर्सनल ईमेलवर पण नको.

मेंबरांना त्याच दिवशी दोन गोष्टी सांगून टाका. लाइट गेली की सोलर पण बंद होणार, लिफ्ट चालणार नाही, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. आणि बिल शून्य येणार नाही, स्थिर आकार राहतोच. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या लोडशेडिंगला फोन सुरू होतात.

## टप्पा ८: चालू झाल्यावर संघ टिकवायचा तो इथे

बहुतेक संघ प्लँट लागला की संपतात. खरा फायदा त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांचा आहे.

दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येकाने इन्व्हर्टरचे युनिट शीटमध्ये टाकायचे आणि त्याला किलोवॅटने आणि दिवसांनी भागायचं. सगळ्यांचा आकडा ४ च्या आसपास असेल आणि एकाचाच ३ असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय, एखादी स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलची ओळ) बंद असेल, धूळ असेल, शेजारी नवीन टाकी बसवली असेल. एकट्या सोसायटीला हे कधीच कळत नाही, तिला वाटतं ढगाळ असेल. शेजारी त्याच आभाळाखाली ४ मिळतायत हे दिसलं की व्हेंडरला सबब सांगता येत नाही.

मदतीची व्यवस्था अशी: सामायिक कपाटात डीसी फ्यूज, कनेक्टर, सर्ज प्रोटेक्शनचे जोड, एक चांगला क्लॅम्प मीटर. वापरलं की आठ दिवसांत भरून द्यायचं. लायसन्स असलेला एक इलेक्ट्रिशियन संघाने वार्षिक बोलीवर ठरवायचा. पण त्याने इन्व्हर्टर उघडायचा नाही, वॉरंटी जाते. त्याचं काम फॉल्ट शोधणं, तेवढा भाग सुरक्षित बंद करणं आणि व्हेंडरला लेखी कळवणं.

पॅनल धुणं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलं की पांढरे डाग राहतात, नळाचं पाणी घ्या. आणि विमा विसरू नका, आपल्याकडे मार्च-एप्रिलची अवकाळी गारपीट द्राक्षबागांना झोडपते ती गच्चीवर पण पडतेच, इमारतीच्या पॉलिसीत सोलर प्लँट वेगळा लिहून घ्या.

## टप्पा ९: महावितरण आणि आयोगापुढे एकत्र

बिलात निर्यात युनिट धरलेच नाहीत, ही सर्रास येणारी अडचण. पहिली तक्रार लेखी, मीटरच्या दोन्ही आकड्यांच्या फोटोसह, पोच घेऊन. ऐकलं नाही तर नाशिक परिमंडळाचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथे वकील लागत नाही, पण कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाच्या निकालाने समाधान झालं नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. तक्रार सोसायटीच्याच नावाने करायची, संघाने फक्त मसुदा आणि इतर सोसायट्यांची त्याच महिन्याची बिलं पुरवायची.

दरवाढीची याचिका आली की महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर नोटीस काढून हरकती मागवतो. नेट मीटरिंगचे नियम, स्थिर आकार, दिवसाच्या कुठल्या वेळेच्या युनिटचं काय, हे सगळं तिथे ठरतं, म्हणजे आपल्या पंचवीस वर्षांच्या हिशोबाला हात लागतो तो तिथेच. तिथे भावना लिहू नका, टप्पा ८ चं शीट जोडा. वीस सोसायट्यांचे महिनावार खरे आकडे, आयात किती, निर्यात किती, दिवसाचा वापर किती. "आमच्यावर अन्याय होतोय" असं शंभर जण लिहितात, आकडे जोडणारे थोडे असतात.

हे काम एका माणसावर टाकू नका. वर्तमानपत्रातली नोटीस बघणारा एक, मसुदा करणारा एक, आकडे गोळा करणारा एक, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये माणसं बदला. नवीन सोसायटी आत घ्यायची असेल तर तीही एप्रिलमध्येच घ्या, टप्पा १ चे पाच रकाने भरून आणल्यावर.